भाऊजींना 'नाही' म्हटलं तो शनिवार

गुरुवारी संध्याकाळी आमच्या डायनिंग टेबलावर जेवायला बसता येत नाही, कारण तिथे नकाशा पसरलेला असतो. नवरा आणि मुलगी ताटं मांडीवर घेऊन सोफ्यावर जेवतात आणि कुरकुर करत नाहीत. एकदा करून पाहिली होती.

मी न्यूझीलंडमधल्या पामर्स्टन नॉर्थच्या एका ट्रॅम्पिंग क्लबची लीडर आहे. हे वाक्य लिहायला मला फार आवडतं, म्हणून संधी मिळेल तिथे लिहिते. ट्रॅम्पिंग म्हणजे इकडच्या बोलीत डोंगरजंगलात पायी भटकणं, आणि लीडर म्हणजे त्या दिवशी कुठे जायचं, कधी निघायचं, कुठून परत फिरायचं हे ठरवणारं माणूस. पोटापाण्यासाठी मी हॉस्पिटलात फार्मसिस्ट आहे. औषधाचा डोस पेशंटच्या वजनावर ठरतो, आपल्या उत्साहावर नाही, ही माझी रोजची सवय मला डोंगरावर फार उपयोगी पडली. सहल आखताना मी सर्वांत हळू चालणाऱ्याचा विचार करते. नकाशावर उंचीच्या रेषा कुठे दाटीने बसल्या आहेत ते बघते, म्हणजे चढ कुठे उभा आहे ते कळतं. वाट नदी किती वेळा ओलांडते, जंगल कुठे संपतं, डोंगराच्या उघड्या धारेवर किती वेळ चालावं लागेल, तिथे वारा किती असेल हे बघते. शहरातला हवामानाचा अंदाज बघून डोंगरावर जाणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, फक्त त्यांना आपल्या गाडीत घेत नाही. सगळं झालं की नकाशाच्या कोपऱ्यात परत फिरायची वेळ पेन्सिलीने लिहिते. ती वेळ झाली की माथा हाताच्या अंतरावर असला तरी फिरायचं.

पुण्यात असताना माझी डोंगरांशी ओळख पर्वतीपुरती होती, तीही मैत्रिणी नंतर भेळ खायला जायच्या म्हणून. इकडे आल्यावर हॉस्पिटलातली एक साठीची नर्स मला पहिल्यांदा रुआहिने डोंगररांगेत घेऊन गेली. मी जीन्स घालून गेले होते. तिने दोनदा विचारलं की दुसरं काही नाही का, आणि मी दोनदा 'हॅपी विथ धिस' म्हटलं. दुपारी पाऊस आला, वारा आला, आणि भिजलेली जीन्स पायांना अशी चिकटली की गुडघा वाकेना. पुढच्या हटमध्ये, म्हणजे जंगलातल्या लाकडी निवाऱ्यात पोचले तेव्हा मला स्वतःच्या जॅकेटची चेन उघडता येत नव्हती. बोटं होती, पण ती माझं ऐकत नव्हती. त्या बाईने लहान मुलासारखे माझे कपडे बदलले, लोकरीचे घातले आणि गरम पाणी पाजलं. थंडीने माणूस मरतो हे मी पुस्तकात वाचलं होतं. कसा मरत असेल ते त्या दिवशी कळलं.

त्यानंतर मी वर्षानुवर्षं चालत राहिले. ओल्या मुळांवर पाय कसा ठेवायचा, नदीत तिघांनी एकमेकांचे खांदे धरून कसं उतरायचं, सगळं शिकले. मग एके दिवशी क्लबने विचारलं, दिवसभराच्या सहली नेशील का? मी विचार करून सांगते म्हटलं आणि गाडीत बसून एकटीच मोठ्यांदा ओरडले.

लीडर म्हणून पहिल्या सहलीला मी सगळ्यांसाठी दशम्या, लसणाची चटणी, तिखटमिठाच्या पुऱ्या आणि डबाभर लाडू नेले. आपण बोलावलंय म्हणजे आपण यजमान, असं माझ्या डोक्यात पक्कं होतं. चढावर मी लोकांना विचारत होते, तुमची सॅक घेऊ का? पुरी आणखी घ्या ना. क्लबमधले एक जुने सभासद, पंचाहत्तरीचे, दोन दशम्या खाऊन झाल्यावर मला बाजूला घेऊन म्हणाले की हे असलं जेवण मी डोंगरावर कधी खाल्लेलं नाही, पण लीडरचं काम खायला घालणं नसतं, 'नाही' म्हणणं असतं. अपुरे कपडे घेऊन आलेल्याला, आजारी असताना आलेल्याला, तू आज येऊ नकोस असं सांगता आलं पाहिजे.

खायला घालणं मला येत होतं. 'नाही' म्हणणं येत नव्हतं. आमच्याकडे दारात आलेल्या माणसाला निदान चहा घेतल्याशिवाय कोणी जाऊ देत नाही. तयार होऊन आलेल्याला दारातूनच परत धाडायचं म्हणजे त्याचा अपमान. मी ते कसंबसं शिकले. एकदा सँडल घालून आलेल्या एका विद्यार्थ्याला परत पाठवलं आणि रात्री मला जेवण गेलं नाही. पण तो परका होता.

मग आमचे भाऊजी आले.

भाऊजी म्हणजे माझे थोरले दीर. पुण्यात बँकेतून निवृत्त झालेले, अंगाने काटक, आणि तरुणपणापासून सह्याद्रीत भटकलेले. डोंगर या विषयावर आमच्या घरात शेवटचा शब्द त्यांचा. लग्नकार्यात जेवणं झाली की ते "राजगडावर एकदा काय झालं" अशी सुरुवात करायचे आणि पुरुषमंडळी पानाचा डबा घेऊन सरसावून बसायची. मला ते आवडतात हे आधीच सांगून ठेवते. मी सासरी नवीन असताना माझी नोकरी कोणी सोडवू नये म्हणून घरात भांडले होते ते भाऊजीच. थोरल्या जाऊबाई लेकीच्या बाळंतपणासाठी बंगळुरूला होत्या, म्हणून ते एकटेच दोन महिने आमच्याकडे राहायला आले होते.

आल्याच्या आठवड्यातच त्यांनी जाहीर केलं, "शनिवारी मी येतो तुझ्याबरोबर. बघू तरी तुमचे डोंगर."

'तुमचे डोंगर' असं म्हणाले, जणू ते मी सुट्या भागांचं खोकं आणून घरी जोडले होते. मला खरं तर आनंद झाला. घरातला डोंगरवाला माणूस माझ्या सहलीला येणार होता. मी त्यांना बसवून समजावलं की इथे ऊन-तहान एवढा प्रश्न नाही, थंडी आणि ओल हा प्रश्न आहे. सुती कपडे घालायचे नाहीत. नवऱ्याचं पावसाळी जॅकेट आणि लोकरीचे दोन सदरे काढून पिशवीत भरून त्यांच्या खोलीत ठेवले. बुटांचं मात्र जमेना, नवऱ्याचा पाय त्यांच्यापेक्षा दोन नंबरांनी मोठा. "आपण उद्या घेऊन येऊ," मी म्हटलं.

"अगं, माझे आहेत की," ते म्हणाले आणि बॅगेतून कॅनव्हासचे, रबरी तळव्याचे बूट काढून दाखवले. "कातळावर पालीसारखे चिकटतात. तू काळजी करू नकोस. मी भर पावसात कडे उतरलोय."

मी काळजी केली, पण बोलले नाही. तिथेच बोलायला हवं होतं असं नवऱ्याचं मत आहे. त्याची मतं नेहमी सोमवारी येतात.

शनिवारी सकाळी नवऱ्याने आम्हा दोघांना सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये आणून सोडलं. आमचे लोक तिथे जमतात आणि मग दोन-तीन गाड्यांतून डोंगराच्या पायथ्याला जातात. थंडी चांगलीच होती. दुपारनंतर दक्षिणेकडून वारा आणि सरी येणार असा अंदाज होता, म्हणजे इकडची ती हाडांपर्यंत जाणारी सदर्ली. मी सगळं आखलं होतं: वारा यायच्या आत धार उतरून जंगलात शिरायचं.

निघण्याआधी प्रत्येकाने सॅक उघडून दाखवायची, ही माझी पद्धत. माझी मी सगळ्यांच्या आधी उघडते. त्या दिवशीही उघडली. जॅकेट, लोकरी टोपी, सुके कपडे, दिवा, प्रथमोपचार, संकटात उपग्रहाकडे संदेश पाठवणारा बीकन, आणि स्क्रॉगिन. स्क्रॉगिन म्हणजे इकडे सुकामेवा आणि चॉकलेटचं मिश्रण. माझ्या मिश्रणात शेंगदाणे, फुटाणे आणि गुळाचे खडे असतात आणि क्लबमध्ये त्याला मोठी मागणी आहे. मग एकेकाची सॅक बघत मी भाऊजींपाशी आले.

त्यांनी हसत हसत सॅक उघडली. आत पाण्याच्या मोठ्या चार बाटल्या, लिंबं, मीठ-साखरेची पुडी, गूळ, पंचा आणि उन्हाची टोपी. अंगात सुती सदरा, सुती पँट, वर एक पातळ स्वेटर. पायांत कॅनव्हासचे बूट.

मला त्या क्षणी त्यांच्याबद्दल इतकी माया वाटली की सांगता येत नाही. ही सॅक मूर्ख माणसाची नव्हती. एप्रिलमध्ये सह्याद्रीत फिरणाऱ्या शहाण्या माणसाची होती. तिथे टाकं आटलं असलं तर जीव जातो. एवढं पाणी वाहून नेणारा माणूसच सगळ्यांना परत आणतो. फक्त आम्ही जिथे निघालो होतो तिथे सकाळभर ओढ्यातूनच चालायचं होतं.

"भाऊजी, जॅकेट कुठाय?"

"घरी राहू दिलं. पाण्याचंच केवढं वजन झालं! आणि सुती कसं हवेशीर असतं, घाम टिपतं."

ते पंचाहत्तरीचे सभासद शेजारीच होते. भाषा कळली नाही तरी प्रकार कळला असावा. त्यांनी आपल्या गाडीतून जास्तीचं जॅकेट काढून बॉनेटवर ठेवलं. क्षणभर मला वाटलं, सुटले. मग माझी नजर परत बुटांकडे गेली. नदीपात्रातले शेवाळलेले धोंडे, त्यानंतर ओल्या मुळांचा चढ, आणि तिथे हे गुळगुळीत रबर. त्यांचा पाय मुरगळला असता तर सहा माणसं धारेखाली थांबली असती, आणि सदर्ली कोणासाठी थांबत नाही.

सगळे माझ्याकडे बघत होते. परकी माणसं बघत होती त्याचं काही नाही. नवरा गाडीत बसून स्टिअरिंगकडे असा बघत होता, जणू ते त्याने आज पहिल्यांदाच पाहिलंय.

"भाऊजी," मी म्हटलं, "आज तुम्ही येऊ शकत नाही."

ते हसले. "बरं बरं. चला, उशीर होतोय." आणि सॅक खांद्याला लावली.

मग मी तेच इंग्रजीत म्हटलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं, म्हणजे मला स्वतःलाच आता माघार घेता येऊ नये. हे बूट त्या वाटेला चालणार नाहीत, भाऊजी आज माझ्या सहलीत येणार नाहीत.

भाऊजींचं हसू तसंच चेहऱ्यावर राहून गेलं. "म्हणजे मला परत पाठवतेस? लोकांसमोर?"

"हो."

त्यांनी सॅक खांद्यावरून उतरवली. पुढच्या सीटवर न बसता मागे जाऊन बसले. नवऱ्याने गाडी वळवली. मी नकाशा उलटा धरून उभी होते हे मला नंतर कळलं.

ती सहल माझ्या उत्तम सहलींपैकी एक झाली. नदीचं पाणी काचेसारखं होतं आणि पोटऱ्या गोठवणारं. पात्र सोडून वाट जंगलात शिरली की एकदम सगळं हिरवं आणि गप्प होतं. 'बीच' जातीची उंच झाडं, बुंध्यांवर गुडघाभर शेवाळ, खडकांमधून सापासारखी पसरलेली मुळं. इथला रॉबिन पक्षी मोठा धीट. तुम्ही थांबलात की बुटापाशी येऊन उभा राहतो आणि तुमच्या पायांनी उकरलेल्या मातीत किडे शोधतो. झाडं बुटकी होत होत संपली आणि आम्ही उघड्या धारेवर आलो, तेव्हा एका बाजूला शहर आणि पवनचक्क्या, दुसऱ्या बाजूला नुसत्या डोंगरांच्या घड्या. लोकांनी डबे काढले. मला वाटत होतं, ही धार भाऊजींनी बघायला हवी होती.

ठरल्या वेळी मी उठवलं. जंगलात शिरलो आणि सदर्ली आली. वर धारेवर वाऱ्याचा आवाज ट्रकच्या रांगेसारखा येत होता. पाऊस आडवा, बोचरा. नदी ओलांडताना आमच्यातला सर्वांत पक्का गडी, चांगले महागडे बूट घातलेला, शेवाळावरून घसरून कमरेपर्यंत पाण्यात बसला आणि आम्ही सगळे हसलो. तोही हसला, कारण त्याच्याकडे कोरडे कपडे होते. मी मनातल्या मनात 'बघा भाऊजी' म्हटलं. त्याची मला लाज वाटली नाही.

घरी मात्र सहल संपली नव्हती. भाऊजी माझ्याशी बोलेनासे झाले. म्हणजे आदळआपट नाही. ते गृहस्थ माणूस आहेत. "आईला सांग, मला पोळी नको," असं मुलीला सांगायचे, मी समोर तवा घेऊन उभी असताना. मुलगी इथे जन्मलेली, तिला मराठी सगळं समजतं पण उत्तर इंग्रजीत देते. तिसऱ्या दिवशी ती वैतागून म्हणाली, "काका, शी वॉज द लीडर. शी हॅड टू." भाऊजींनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि ताट घेऊन उठले. रात्री त्यांच्या खोलीतून पुण्याच्या मित्राशी बोलल्याचा आवाज यायचा. इथले डोंगर कसले, झाडीच झाडी, किल्ला नाही की काही नाही.

"एकदा सॉरी म्हणून टाक ना," नवरा म्हणाला. "तुझं काय जातंय? मोठे आहेत ते."

माझं काय जात होतं ते त्याला दिसत नव्हतं. मी आयुष्यात माफ्या खूप मागितल्या आहेत. भाजीत मीठ जास्त झालं म्हणून, फोन उशिरा केला म्हणून. त्या मागायला मला काही वाटत नाही. पण ही मागितली असती तर त्या सकाळचं माझं 'नाही' हा सुनेचा उद्धटपणा ठरला असता. मग पुढच्या वेळी पार्किंगमध्ये उभं राहून कोणालाही 'नाही' म्हणताना माझा आवाज फुटला नसता. घरच्या माणसांपुढे जी लीडर नाही ती डोंगरावर कसली लीडर? मी नवऱ्याला सांगितलं, "वाईट वाटलं म्हणून सांगते त्यांना. चुकलं म्हणून नाही सांगणार."

आणि तसंच सांगितलं. चहा घेऊन खोलीत गेले. "भाऊजी, तुम्हाला लोकांसमोर बोलले त्याचं मला फार वाईट वाटलं. पण पुन्हा तसेच बूट घालून आलात तर पुन्हा परत पाठवीन."

त्यांनी कपाकडे पाहिलं. "ठेव," एवढंच म्हणाले.

त्यानंतर दोनेक दिवसांनी मी ड्युटीवरून आले तर दाराशी एक बुटांची जोडी होती. लेदरचे, घोट्याच्या वरपर्यंत येणारे, खोल खाचांच्या तळव्याचे. नवे नव्हते, पण दणकट होते. मुलीने फोडलं, "काका अँड मी वेंट टु द ऑप शॉप." ऑप शॉप म्हणजे जुन्या वस्तूंचं धर्मादाय दुकान. पुण्यात भाऊजींनी आयुष्यात कोणाचे वापरलेले बूट पायांत घातले नसते. पण रोज सकाळी ते बूट घालून नदीकाठच्या रस्त्याने लांब फेरी मारायला लागले, बूट पायाला बसावेत म्हणून. एका गुरुवारी मी नकाशा पसरला होता तेव्हा समोरची खुर्ची ओढून बसले. बराच वेळ बघत राहिले आणि मग एका ठिकाणी बोट ठेवलं. "इथे या रेषा एकदम जवळ आल्यात. कडा आहे?"

"उभा चढ आहे. खडकातून वाट आहे. छान आहे फार."

"हं," ते म्हणाले. "मला नेशील?"

'येतो' नाही, 'नेशील?' मी सॅकमध्ये काय काय लागतं ते सांगायला लागले आणि त्यांनी हात वर केला. भरून ठेवली होती. जॅकेट, लोकरीचे सदरे, सगळं. पाण्याची एकच बाटली.

त्या रविवारी आम्ही दोघंच गेलो. क्लबची सहल नव्हती. कुठे जातोय आणि कधीपर्यंत परत येऊ ते नवऱ्याला सांगून ठेवलं होतं. आकाश निरभ्र होतं, पण धारेवर दुपारी वारा वाढेल असा अंदाज होता. परत फिरायची वेळ मी भाऊजींना गाडीतच सांगितली.

खरं सांगायचं तर खडकात चालावं भाऊजींनीच. जंगलातल्या मुळांवर ते थोडे बिचकले, पण वाट धोंड्यांतून वर चढायला लागली तशी त्यांच्यात जान आली. हाताने दगड चाचपून, त्याला जरा हलवून बघून मगच भार टाकायचे, कुठेही घाई नाही. मी त्यांच्या मागे होते आणि त्यांचं बघून एक-दोन ठिकाणी पाय ठेवायची जागा बदलली. "भाऊजी, हे शिकवा मला," मी म्हटलं. ते खूश झाले आणि राजगडाची गोष्ट सुरू झाली. या वेळी मी ती पूर्ण ऐकली. चांगली आहे.

जंगलातून बाहेर आलो आणि वाऱ्याने तोंडावर चापट मारली. अंदाजापेक्षा लवकर आला होता. समोर धार निमुळती होत गेली होती आणि तिच्या टोकाला माथ्यावरचा पांढरा लाकडी खांब स्वच्छ दिसत होता. अर्धा तास फार तर. मी पुढे जाऊन जरा अंदाज घेतला. वारा बाजूने येत होता, झोताझोताने, मध्ये मध्ये एकदम थांबून.

"इथून फिरायचं," मी म्हटलं.

भाऊजींनी खांबाकडे बघितलं. "तो काय, समोर दिसतोय."

"हो."

"वेळही झालेली नाही तुझी."

"वेळ झाली नाही, पण वारा आलाय. पुढे धार अरुंद आहे. दोन्हीकडे उतार. मधेच झोत आला की पाय उचललेला माणूस बाजूला फेकला जातो."

"राजगडावर मी फिरलो नसतो."

"माहितीये मला."

ते पुढचे काही क्षण मी अजून विसरलेले नाही. मी त्यांचा हात धरून ओढू शकत नव्हते. ते चालायला लागले असते तर मी काय करणार होते? त्यांच्यामागे गेले असते, दुसरं काय. तेवढ्यात एक झोत आला आणि त्याने दोघांनाही एक पाऊल हलवलं. भाऊजींनी टोपी घट्ट ओढली, खांबाकडे पुन्हा एकदा नीट बघून घेतलं आणि वळले.

आम्ही उतरायला लागलो. मी मनात पुढचा आठवडा मोजायला लागले. 'आईला सांग, पोळी नको.' माथ्याच्या इतक्या जवळून या माणसाला आयुष्यात कोणी परत आणलं नसेल. तरी मला माझा निर्णय बरोबर वाटत होता.

झाडीत शिरून थोडं खाली आलो तर खालून एक तरुण जोडपं वर येत होतं. पंचविशीचे असतील, स्पोर्ट्स शूज घातलेले, मुलाच्या हातात फक्त पाण्याची बाटली. मी भाऊजींना "या दगडावर जपून" म्हटलेलं त्यांनी ऐकलं असावं, कारण मुलगी एकदम थांबून म्हणाली, "अय्या, मराठी!" ऑकलंडला, ओटाहुहूला राहतात, मैत्रिणीकडे शनिवार-रविवार आलेत, असं सगळं तिने एका दमात सांगितलं. मुलगा भाऊजींकडे वळला. साहजिकच होतं. पांढरे केस, जुने दणकट बूट, खांद्यावर सॅक, डोंगरातच मुरलेला माणूस दिसत होता.

"काका, माथा अजून किती लांब आहे? जाऊ ना आम्ही?"

मी भाऊजींकडे बघितलं. माथा जवळच होता. जा, असं ते म्हणाले असते तर त्यात खोटं काही नव्हतं.

"मला नका विचारू," भाऊजी म्हणाले. "डोंगरावर मी हिच्या मागे चालतो."

मुलाने माझ्याकडे पाहिलं. मग मी त्यांना सांगितलं की आज वर जाऊ नका, धारेवर वारा वाईट आहे. त्यांच्या बुटांबद्दलही सांगितलं, न लाजता. त्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि दोघंही परत फिरली. मी सॅकचे पट्टे आवळून भाऊजींकडे बघितलं, तर ते वाटेच्या कडेला सरून, मी पुढे होण्याची वाट बघत उभे होते.